योग शिक्षक व्हायचं म्हणतेय, पण कोर्स निवडताना डोकं फिरलंय

कोरांटी:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं आसनं आणि थोडंफार प्राणायाम करतेय, रोज अगदी नेमाने असं नाही म्हणणार पण दोन दिवस सुटलं की अंग आखडल्यासारखं होतं आणि चिडचिड पण होते, इतपत. आता मनात येतंय की शिकवायला शिकावं. नोकरी सोडायची नाहीये, सकाळी लवकर किंवा शनिवार-रविवार एखादी छोटी बॅच घ्यावी एवढंच डोक्यात आहे. पण सर्च करायला बसलं की २०० तास, ३०० तास, ५०० तास, आंतरराष्ट्रीय मान्यता, सरकारी मान्यता, निवासी, ऑनलाइन, "एका महिन्यात सर्टिफाइड टीचर व्हा" आणि प्रत्येक जण सगळ्यात बेस्ट, काय ते कळेचना शेवटी लॅपटॉप मिटून ठेवला.

तर ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा की हे सर्टिफिकेट नक्की कशासाठी लागतं, ऑनलाइन केलेलं चालतं का, आणि सगळ्यात मोठी धाकधूक म्हणजे मला भिंतीशिवाय शीर्षासन जमत नाही, हनुमानासन, म्हणजे पाय पुढे-मागे पूर्ण पसरून जमिनीला टेकवणं, तर या जन्मी शक्य नाही, वय चाळिशीच्या पुढे. इन्स्टावर बघावं तर सगळे टीचर रबराचे. मी कुठल्या तोंडाने शिकवणार?

दगडफूल:
आधी सर्टिफिकेटचा घोळ मिटवू कारण सगळे तिथेच अडकतात. जगभर जी "२०० तास" भाषा चालते ती आली योगा अलायन्सकडून. ही अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे, १९९९ पासूनची, आणि तिचं काम मुळात नोंदणीचं. म्हणजे कोर्स चालवणारी शाळा आपला अभ्यासक्रम त्यांना दाखवते, शाळेची नोंद होते, मग त्या शाळेतून २०० तास पूर्ण केलेली व्यक्ती फी भरून स्वतःचं नाव नोंदवू शकते. ती संस्था तुम्हाला समोर उभं करून परीक्षा घेत नाही, हे लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत ते असं काही लिहितात की वाटावं युनिव्हर्सिटीची डिग्री मिळतेय. भारतात आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे, तिथे परीक्षा असते, लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. पायऱ्या आहेत, योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, मग योग वेलनेस इन्स्ट्रक्टर, मग योग टीचर अँड इव्हॅल्युएटर, त्याच्या वर योग मास्टर. तुमच्यासारख्या सकाळच्या बॅचवाल्यांना पहिल्या दोन पायऱ्या भरपूर झाल्या.

आता गंमत अशी की बऱ्याच देशांत योग शिकवायला कायद्याने कसलंच लायसन्स लागत नाही. लागतं ते स्टुडिओला, जिमला, शाळा-कंपन्यांना दाखवायला आणि जिथे टीचरचा विमा काढायची पद्धत आहे तिथे विमा कंपनीला. त्यामुळे आधी ठरवा कुठे शिकवणार आहात. ओळखीच्या चार जणांना शिकवायचं असेल तर कागदापेक्षा शिक्षण बघा. एखाद्या ठिकाणी काम मागायचं असेल तर त्या ठिकाणी फोन करून सरळ विचारा की तुम्ही कुठलं सर्टिफिकेट मानता, म्हणजे अर्धे कोर्स आपोआप यादीतून उडतील.

आणि कोर्सवाल्यांना विचारायचा माझा ठरलेला एकच प्रश्न, २०० तासांपैकी किती तास मी स्वतः समोर उभं राहून शिकवणार आणि ते कोण बघणार? यावर जो गुळमुळीत उत्तर देतो तिथे जाऊ नका. पुष्कळ कोर्स म्हणजे महिनाभर जोरदार आसनं करून घेतात, सगळे दमतात, खूश होतात, शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं शिकवायला देतात आणि वाटतात सर्टिफिकेटं. त्यात तुमची स्वतःची साधना वाढेल, नाही असं नाही, पण शिकवणं हे वेगळंच कसब आहे आणि ते शिकवूनच येतं.

शीर्षासनाचं नंतर लिहितो, आत्ता क्लासला पळायचंय.

आडवाट:
मी जरा उलट्या बाजूने बोलतो, राग मानू नका. घाई कशाला? अय्यंगार परंपरेत तर वर्षानुवर्षं एका शिक्षकाकडे शिकल्याशिवाय, मग त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून राबल्याशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही, तिथे "महिन्याचा कोर्स" हा प्रकारच नाही. मला ते बरोबर वाटतं. शिकवण्यातलं निम्मं तर दुसऱ्याच्या क्लासमध्ये मागच्या भिंतीला टेकून बघण्यात येतं, लोक कसे उभे राहतात, कुठे श्वास धरतात, शिक्षक कोणाला काय सांगतो आणि कोणाला मुद्दाम काहीच सांगत नाही.

शीर्षासनाबद्दल म्हणाल तर निर्धास्त राहा. योगसूत्रांत प्रतीप्रमाणे १९५ किंवा १९६ सूत्रं, त्यात थेट आसनावर किती तर दुसऱ्या पादात (म्हणजे अध्यायात) ४६ ते ४८ अशी तीन. त्यातही स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल सोडावा, इतकंच. हठयोगाचे जुने ग्रंथ घ्या, स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं, घेरंडसंहितेत बत्तीस. हनुमानासन दोन्हीकडे नाही आणि शीर्षासन पण त्या आसनांच्या यादीत नाही, उलटं होण्याचं जे आहे ते विपरीतकरणी म्हणून मुद्रांमध्ये येतं. तेव्हा जे स्वात्मारामाला अडलं नाही ते तुम्हाला का अडावं!

अजून एक. गेल्या शतकातले मोठे योगगुरू कृष्णमाचार्य, त्यांचे शिष्य बघा, बी. के. एस. अय्यंगार, पट्टाभी जोइस, इंद्रा देवी, मुलगा देशिकाचार. गुरू एकच पण चौघांच्या शिकवण्यात जमीन-अस्मानाचा फरक, एकाकडे दोऱ्या-ठोकळे आणि आसनात मिनिटंच्या मिनिटं थांबणं, दुसऱ्याकडे श्वासावर धावणारा ठराविक क्रम, देशिकाचारांकडे तर माणूस बघून प्रत्येकाला वेगळं. म्हणजे "योग शिकवण्याची योग्य पद्धत" असा एकच साचा कोणी विकत असेल तर जरा जपून.

मुंगूस:
+१ आडवाट. वाचनखूण साठवली.

निवांतक्षण:
मी ऑनलाइन केलाय कोर्स, त्यामुळे त्याबद्दल लिहिते. सरसकट वाईट नाही आणि सरसकट चांगला पण नाही. थिअरी, म्हणजे सूत्रं, हठप्रदीपिका, शरीररचना, क्रम कसा लावायचा वगैरे ऑनलाइन उलट जास्त चांगलं कळलं कारण रेकॉर्डिंग थांबवून परत बघता येतं, मी तर पाठीच्या कण्याचं लेक्चर इतक्यांदा ऐकलं की घरच्यांना पण पाठ झालं असेल. पण दोन गोष्टी मार खातात. एक म्हणजे दुसऱ्याचं शरीर तिन्ही बाजूंनी बघणं, स्क्रीनवर माणूस चपटा दिसतो, त्रिकोणासनात कंबर मागे गेलीय का पुढे हे कॅमेरा समोर असेल तर कळतच नाही. दुसरं म्हणजे हाताने आधार देणं, तो व्हिडिओ बघून शिकायचा विषयच नाही.

मी काय केलं तर कोर्स संपल्यावर एका शिक्षिकेकडे जाऊन क्लासमध्ये मदत करू का विचारलं. आधी नुसत्या चटया घालणं आणि ठोकळे वाटणं, मग हळूहळू मागच्या ओळीतल्या नवीन लोकांकडे लक्ष ठेवणं. फुकट राबले, हो, पण खरं शिक्षण तिथे झालं. तेव्हा ऑनलाइन घेणार असाल तर असा लाइव्ह कोर्स घ्या ज्यात ते तुमचा कॅमेरा चालू ठेवून तुमच्याकडून शिकवून घेतात, नुसत्या रेकॉर्डेड व्हिडिओंचा गठ्ठा नको, आणि जोडीला प्रत्यक्ष कोणाच्या तरी क्लासमध्ये शिरा.

कोरांटी:
बापरे किती छान माहिती, सगळ्यांना धन्यवाद. आडवाट दादा, राग कसला, उलट शीर्षासनाचं वाचून जीव भांड्यात पडला. @निवांतक्षण, मदतनीस व्हायची आयडिया मला फारच आवडली, विचारायची लाज वाटेल पण विचारीन.

एक विचारायचं राहिलं, हे शरीररचना म्हणजे अॅनाटॉमी प्रकरण किती करावं लागतं? शाळेनंतर जीवशास्त्राशी संबंध नाही. सगळ्या स्नायूंची नावं पाठ करावी लागतात का?

सांधेदुखी_तज्ज्ञ:
हा माझा प्रांत, फिजिओथेरपिस्ट आहे, योग शिक्षक आमच्याकडे पेशंट म्हणून पण येतात आणि त्यांचे विद्यार्थी पण येतात, त्यामुळे दोन्हीकडून बघायला मिळतं :)

नावं पाठ करून काही होत नाही. सांधा कुठल्या दिशेला किती हलायला बनलाय हे कळलं पाहिजे. उदाहरण घ्या पद्मासनाचं. लोकांना वाटतं गुडघा वळतो. गुडघा मुख्यतः दुमडतो आणि उघडतो, त्याला पिळायला फार थोडी जागा आहे. मांडी बाहेर वळवायचं काम खुब्याचं. आता ज्याचा खुबा तेवढा वळत नाही त्याने हाताने पाय ओढून मांडीवर ठेवला की उरलेला पीळ जातो कुठे, तर गुडघ्यात. म्हणून पद्मासनात गुडघा दुखला की आसन मोडायचं, "सवय होईल" म्हणायचं नाही. ही एक गोष्ट जरी शिक्षकांनी मनावर घेतली ना तरी माझे पेशंट कमी होतील, आणि मला चालेल.

दुसरं, सगळ्यांची हाडं सारखी नसतात. खुब्याची खोबण कोणाची खोल, कोणाची उथळ, मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन वेगवेगळा. बद्धकोनासनात (बसून तळपाय एकमेकांना जोडायचे) एकाचे गुडघे सहज जमिनीला आणि दुसऱ्याचे वर्षानुवर्षं हवेत, तर दुसरा आळशी आहे असं नाही. विचारायचं, ताण कुठे जाणवतोय? मांडीच्या आतल्या बाजूला ओढ असेल तर स्नायू आहे, सरावाने हळूहळू सुटेल. जांघेत पुढून चिमटल्यासारखं, अडकल्यासारखं वाटत असेल तर तिथे हाडाला हाड भिडत असण्याची शक्यता आहे, तिथे दाबून काही उपयोग नाही, पाय थोडे पुढे सरकवा किंवा खाली ब्लँकेट द्या आणि सोडून द्या. हा प्रश्न विचारता येणं म्हणजे तुमची अॅनाटॉमी.

तिसरं खास शिक्षकांसाठी. पश्चिमोत्तानासन, उत्तानासन, म्हणजे बसून आणि उभं राहून पुढे वाकणं, रोज चार बॅचना करून दाखवणाऱ्यांना बसायच्या हाडापाशी, अगदी ढुंगणाच्या खालच्या कडेला, एक ठसठस सुरू होते. तिथे मांडीच्या मागच्या स्नायूंची कंडरा (टेंडन) हाडाला चिकटलेली असते. मग त्यांना वाटतं आखडलंय, म्हणून अजून ताणतात, मग अजून दुखतं. तिथे ताण कमी करून ताकद वाढवायची असते. लवचीक लोकांनाच हे जास्त होतं, तेव्हा कोरांटी ताई तुमचं हनुमानासन होत नाही ही तब्येतीला चांगलीच गोष्ट आहे.

आणि कोणाला काय देऊ नये याची यादी मात्र तोंडपाठ पाहिजे, तिथे मी कडक आहे. हाय बीपी असेल तर श्वास रोखून धरणं नको, जोरजोरात कपालभाती नको, डोकं खाली असलेल्या स्थितीत थांबणं नको. हर्निया, पोटाचं नुकतंच ऑपरेशन, गरोदरपण, यात कपालभाती नाहीच. मणक्याची गादी सरकलेली असेल तर पाठ गोल करून पुढे वाकणं आणि वरून कोणी दाबणं नको. काचबिंदूवाल्याला शीर्षासन नको हे सगळ्यांना माहीत असतं पण अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीवर, कंबर वर, डोकं खाली), हलासन आणि भिंतीला पाय लावून पडणं यातसुद्धा डोळ्यातला दाब मिनिटाभरात वाढतो, हे किती जणांना माहीत असतं? आणि सूर्यनमस्काराच्या प्रत्येक फेरीत एक तरी श्वानासन आहे. त्यामुळे डोळ्यांबद्दल विचारल्याशिवाय क्लासला सुरुवात करू नका.

खटपट्या:
काचबिंदूचं खरंच माहीत नव्हतं. आमच्या क्लासमध्ये तर कोणी काही विचारलंच नाही आजपर्यंत, नाव लिहून घेतलं आणि फी घेतली.

अवांतर: सर्वांगासनाने थायरॉइड जातो म्हणून सांगणारे शिक्षक पण त्या कोर्समधून तयार होतात का? आमच्या सरांनी एका बाईंना गोळ्या बंद करा सांगितलं होतं, नशीब त्यांनी ऐकलं नाही.

सांधेदुखी_तज्ज्ञ:
@खटपट्या, हे भयंकर आहे आणि दुर्दैवाने दुर्मिळ नाही. थायरॉइडची ग्रंथी हार्मोन कमी बनवते म्हणून बाहेरून गोळी देतात, मान दुमडून तिथे रक्त पाठवलं की ग्रंथी कामाला लागते असं शरीर चालत नाही. योगाने झोप सुधारते, पाठदुखीला आराम पडतो, ताण कमी होतो, हे पुष्कळ आहे की, त्यावर अजून दावे कशाला चढवायचे. शिक्षकाने गोळ्यांना हात लावायचा नाही, म्हणजे तोंडाने पण नाही.

दगडफूल:
आलो परत. वरचं सगळं वाचलं, फिजिओबाईंना दंडवत.

आता शिकवण्याच्या कसबाबद्दल, कारण कोर्सच्या माहितीपत्रकात हे कोणी लिहीत नाही. नवा शिक्षक काय करतो, तर चटई समोर टाकतो आणि तासभर स्वतः आसनं करत बोलत राहतो. म्हणजे त्याची साधना झाली, लोकांनी नक्कल केली, आणि त्याने कोणाकडे बघितलंच नाही. बघणार कसं, स्वतः पश्चिमोत्तानासनात नाक गुडघ्याला लावलं असेल तर मागच्या ओळीतल्या काकांची पाठ दिसणार कशी. क्लासमध्ये स्वतःची साधना करायची नाही. ती पहाटे उरकून यायची. क्लासमध्ये तुम्ही एकदा करून दाखवायचं, तेही अर्धवट, सोपं रूप, आणि मग उठून फिरायचं. यामुळेच तुमचं शीर्षासन येतं का नाही याला काही अर्थ राहत नाही. समोरच्याचं येतंय का, आणि त्याला ते द्यायचं की नाही, हे तुम्हाला दिसलं पाहिजे.

बोलण्याचं पण एक वळण असतं. मी शिकवतो तो क्रम असा, आधी जमिनीला काय टेकलंय ते, मग हालचाल, मग श्वास, मग एखादीच सुधारणा. वीरभद्रासन घ्या. "डावा पाय मागे, टाच जमिनीला. उजवा गुडघा वाकवा. श्वास घेत हात वर." थांबा. लोकांना तिथे पोहोचू द्या. मग बघून, "गुडघा आत पडतोय, करंगळीच्या बाजूला न्या." बास. नवे शिक्षक काय करतात तर माणूस अजून पाय शोधतोय तोवर याचं बरगड्या, माकडहाड, टाळू, अंतर्मन सगळं सांगून झालेलं असतं.

उजवं-डावं: तुम्ही लोकांकडे तोंड करून उभे असाल तर "उजवा हात" म्हणताना स्वतःचा डावा उचलायचा, आरशासारखं. सुरुवातीला जीभ अशी अडखळते की विचारू नका. यावर घरी एकट्याने सराव करा, भाजी चिरताना सुद्धा तोंडाने सूर्यनमस्कार म्हणा, हसतील घरचे, हसू दे.

आणि मोबाइलवर स्वतःचा तास रेकॉर्ड करून फक्त आवाज ऐका, चित्र नको. चित्र बघितलं की आपण आपलं पोट बघत बसतो. नुसता आवाज ऐकून ते आसन करता येतंय का बघा. तेवढ्यात कळतं की आपण दर वाक्याला "छानपैकी" म्हणतोय, "हळूहळू" म्हणतोय आणि शेवटी शवासनाला दोन मिनिटं उरवलीत.

शवासनप्रेमी:
शेवटच्या वाक्यासाठी दगडफूल यांना साष्टांग. मी शिक्षक नाही, अनेक क्लासेस फिरलेला विद्यार्थी आहे, त्या अनुभवावर अधिकारवाणीने सांगतो की तासाच्या क्लासमध्ये दहा मिनिटं शवासन न देणाऱ्या शिक्षकाला मी फी फक्त पाऊण तासाची द्यावी असा नियम पाहिजे. आणि शवासनात बोलत राहू नका हो. "तुम्ही आता एका हिरव्यागार कुरणावर आहात", नाही, मी चटईवर आहे, मला तिथेच राहू द्या.

थोडं गंभीर, विद्यार्थ्याच्या बाजूने. न विचारता हात लावू नका. एका क्लासमध्ये मी पुढे वाकलो होतो आणि सरांनी मागून येऊन पाठीवर जवळजवळ अंग टाकलं, कमरेत चमक भरली ती पुढचा आठवडा. नंतर कळलं त्यांना वाटलं मी "अजून जाऊ शकतो". काही ठिकाणी आता चटईपाशी छोटं कार्ड ठेवतात, एका बाजूला हात लावलेला चालेल, दुसऱ्या बाजूला नको, ज्याने त्याने गुपचूप उलटून ठेवायचं. मला हे फार सोयीचं वाटतं कारण तोंडाने "नको" म्हणायला संकोच होतो, त्यातून बायकांना तर जास्तच होत असणार.

निवांतक्षण:
शवासनप्रेमी 😂 कुरणाबद्दल क्षमस्व, मी म्हणते ते.

हात लावण्याबद्दल शंभर टक्के सहमत. मी तर पहिलं वर्षभर ठरवलं होतं की फक्त शब्दांनी सुधारायचं, आणि नाही सुधारलं तर सोडून द्यायचं. त्याने शब्द धारदार होतात. "खांदे खाली" ऐकून लोक काहीच करत नाहीत, पण "खांदा आणि कान यातलं अंतर वाढवा" म्हटलं की लगेच होतं, का ते माहीत नाही पण होतं.

पाणकणीस:
मी जरा व्यवहाराचं बोलू का. शिकवणं हे पूर्णवेळ काम म्हणून बघितलं तर अवघड गणित आहे. क्लास असतात भल्या पहाटे आणि संध्याकाळी, मधला वेळ प्रवासात आणि रिकामा. सुट्ट्या लागल्या की बॅच अर्धी. जानेवारीत संकल्पवाले लोंढ्याने येतात, मार्चपर्यंत ओसरतात. तुम्ही आजारी पडलात तर तो दिवस गेला. त्यामुळे नोकरी ठेवून एक बॅच, हा कोरांटी यांचा विचार मला एकदम शहाणपणाचा वाटतो. कोर्सला पैसे गुंतवताना "हे वसूल कधी होतील" असा हिशोब मांडू नका, ते स्वतःच्या शिक्षणाचे समजा.

आणि एखादा गट निवडून त्यातच शिकत गेलात तर काम टिकतं. ज्येष्ठांचा क्लास, ऑफिसमध्ये बसून पाठ गेलेल्यांचा क्लास, गरोदर बायकांचा. पण गरोदर बायकांना शिकवायचं तर त्याचं वेगळं शिक्षण घ्या, योगा अलायन्समध्ये सुद्धा त्यासाठी वरचे ८५ तास वेगळे धरतात. साधा २०० तासांचा कोर्स करून तिथे हात घालू नका.

आडवाट:
पाणकणीस यांनी मुद्द्याचं सांगितलं. ज्येष्ठांच्या क्लाससाठी खुर्चीवरची आसनं शिकून घ्या, कोर्समध्ये त्याला "सोपा प्रकार" म्हणून पाच मिनिटांत गुंडाळतात पण तो शिकवायला सगळ्यात अवघड आहे. जमिनीवर बसलेला माणूस पुन्हा उठेल कसा, हा तिथला पहिला धडा असतो. एका कुशीवर वळायचं, हात टेकायचा, चार पायांवर यायचं, एक पाऊल पुढे, खुर्चीला धरून वर. हे आम्ही एक आसन असल्यासारखं रोज करून घेतो आणि सांगतो, म्हातारपणी त्याचा उपयोग वृक्षासनापेक्षा जास्त.

जुन्या संस्थांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून टाकतो. सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट, योगेंद्रजींनी १९१८ मध्ये सुरू केलेली. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं, स्वामी कुवलयानंदांनी तेव्हाच एक्स-रे वगैरे लावून उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या आणि फिरवण्याच्या क्रियांत पोटात दाब किती बदलतो हे मोजायला घेतलं आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक काढलं. बिहारमधल्या मुंगेरची बिहार स्कूल ऑफ योग पण आहे. या ठिकाणच्या शिकवण्याला भोवती एक शिस्त असते, शुद्धिक्रिया, प्राणायाम, दिनचर्या सगळं येतं. पण तिथलंही शिक्षण तुम्ही परत येऊन काय करता त्यावर आहे, बाहेर पडताच सगळं विसरणारे पण बघितलेत.

कोरांटी:
मंडळी, तुम्ही एवढं लिहिलंत की आता मला माघार घ्यायची सोय उरली नाही. ठरवलंय ते असं: लगेच कोर्स नाही. आधी मी जिथे शिकते तिथल्या बाईंना मदतीला येऊ का विचारणार, सहा-आठ महिने तरी बघणार, मग शनिवार-रविवारचा लांबवर चालणारा कोर्स घेणार, महिन्याभराचा निवासी नाही. त्यांना दगडफूल दादांचा प्रश्न आधी विचारणार. "छानपैकी" मी पण म्हणते, आत्ताच लक्षात आलं, नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला दिवसभर म्हणतेस.

शेवटचा प्रश्न, मैत्रिणी आत्तापासूनच मागे लागल्यात की आम्हाला शिकव. सराव म्हणून घेऊ का त्यांचा क्लास? का सर्टिफिकेट येईपर्यंत थांबू?

दगडफूल:
घ्या की. तीन-चार जणीच घ्या, जास्त नको, चौघींच्या पलीकडे नजर पोहोचत नाही सुरुवातीला. पैसे घेऊ नका आणि स्पष्ट सांगा की मी शिकतेय. पहिल्या दिवशी चटईवर बसायच्या आधी एकेकीला बाजूला घेऊन विचारा, बीपी, डोळे, मणका, गुडघे, ऑपरेशन, गरोदर आहे का, चालू गोळ्या. सगळ्यांसमोर विचारलं तर सांगणार नाहीत. वहीत लिहून ठेवा, दर दोन महिन्यांनी परत विचारा कारण लोक मधल्या काळात झालेलं आपणहून सांगत नाहीत.

क्रम अगदी साधा ठेवा. ताडासन, हात वर-खाली श्वासाबरोबर, मार्जारासन, एक उभं आसन, भुजंगासन, पाठीवर पडून गुडघे पोटाशी, एक हलका पीळ, नाडीशोधन (आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास) कुंभकाशिवाय, म्हणजे श्वास न रोखता, शवासन. तोच क्रम महिनाभर. त्यांना कंटाळा येईल, तुम्हाला येऊ देऊ नका, कारण आसनं तीच राहिली की तुमचं लक्ष पुढचं काय यावरून सुटून त्यांच्या अंगाकडे जातं.

आणि एखादीला काही देऊ नये असं वाटलं तर तिला "तू नको करूस" म्हणून नुसतं बसवू नका, तिच्यासाठी दुसरं काहीतरी हातात तयार ठेवा. बीपीवाल्या मैत्रिणीला श्वानासनाच्या वेळी भिंतीला हात टेकवून अर्धंच वाकायला सांगा, डोकं कमरेच्या खाली जाऊ देऊ नका.

शवासनप्रेमी:
आणि दहा मिनिटं. विसरू नका.

कोरांटी:
दहा मिनिटं, कुरणाशिवाय. लिहून घेतलं :)